इकोवाले भाऊ

माणूस कोणत्या धंद्यात मुरला आहे हे त्याच्या हातांवरून कळतं. आमच्या इकोवाल्या भाऊंच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कायम अर्धवट वळलेली असतात. समोर गोल काही दिसलं की ती दोन बोटं आपोआप त्यावर जातात आणि ते गोल उजवीकडे फिरतं. मग ते गॅसच्या शेगडीचं बटण असो, पंख्याचा रेग्युलेटर असो, नाहीतर पाण्याच्या बाटलीचं झाकण. बाटलीचं झाकण उजवीकडे फिरवलं की आणखी घट्ट बसतं, म्हणून भाऊंना बाटली कायम दुसऱ्यानं उघडून द्यावी लागते. डावीकडे फिरवणं त्यांच्या स्वभावातच नाही.

भाऊ शेलूबाजारचे. पण असेच एक भाऊ मंगरूळपीरला आहेत, एक कारंज्याला आहेत, एक मालेगावला आहेत. जिथे लग्नं लागतात, सप्ते बसतात आणि पुढारी हार घालून घेतात, तिथे साउंड सर्व्हिसवाला हा माणूस असतोच. त्यामुळे त्यांचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. गावानं त्यांना ‘इकोवाले’ म्हटलं आणि भाऊंनी ती पदवी समजून गाडीच्या पाठीमागे रंगवून घेतली.

गाडी म्हणजे छोटा हत्ती. त्यात चार मोठ्या पेट्या, दोन भोंगे, वायरींची गुंडाळी, एक जनरेटर आणि या सगळ्यावर बसलेलं एक पोट्टं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला, पण भाऊंच्या सर्वांत जुन्या पेटीवर अजूनही ‘ता. मंगरूळपीर, जि. अकोला’ असंच लिहिलेलं आहे. कुणी चूक दाखवली तर भाऊ म्हणतात, ‘‘पेटी जुनी हाय बाप्पा, आवाज तं नवा हाय!’’

मिक्सर मात्र ते कुणाच्या हाती देत नाहीत. तो त्यांच्या मांडीवर, नाहीतर मांडीसमोर. त्यावर बटणांच्या रांगा आहेत. बास, ट्रेबल वगैरे बटणं कारखान्यातून ज्या जागी आली त्या जागी धूळ खात उभी आहेत. झिजलेली आहेत ती कोपऱ्यातली तीनच: डिले, रिपीट आणि इको. बोललेला शब्द किती उशिरानं परत यावा हे डिले ठरवतं, किती वेळा यावा हे रिपीट ठरवतं आणि किती जोरानं यावा हे इको ठरवतं. तिन्ही कामं वेगळी आहेत. भाऊंना ही फूट मान्य नाही. एक फिरवलं की बाकीच्या दोघांना वाईट वाटू नये अशा हिशेबानं ते तिन्ही एकदम फिरवतात.

पण फिरवण्याला शास्त्र आहे. बटणावरची खूण खाली डावीकडे, म्हणजे घड्याळातल्या सातवर असते तेव्हा इको बंद. तिथून ती वर जाऊन उजवीकडे पाचपर्यंत उतरते. या दहा तासांच्या वाटेवर भाऊंनी अख्खा गाव मांडून ठेवला आहे. हरवलेल्या पोराची पुकार आठवर. आहेर पुकारणारा नऊवर. भटजी दहावर. सरपंच बारावर. जिल्हा परिषदेचा मेंबर एकवर, सभापती दोनवर, आमदार चारवर. पाचवर दोनच गोष्टी जातात: महाप्रसादाची घोषणा आणि खुद्द भाऊंचं ‘हॅलो’.

हे वेळापत्रक कुठे लिहिलेलं नाही, पण गावात सगळ्यांना पाठ आहे. माणसाचं वजन वाढलं की घटलं हे वर्तमानपत्रापेक्षा भाऊंच्या बोटांवरून लवकर कळतं. एका वास्तुपूजनात एक माजी सरपंच बोलायला उभे राहिले. भाऊंनी बरंच मन मारून त्यांना साडेदहावर ठेवलं. भाषण उरकून ते सरळ मिक्सरपाशी आले.

‘‘भाऊ, माया टायमाले इको काऊन कमी केला? मी पडलो म्हनून?’’

‘‘नाई जी, वायर ढिल्ली होती.’’

‘‘वायर बारा वर्साची सोबती हाय, मले नको सांगू. तुया मनातच ढिल्लं झालं.’’

पुढच्या कार्यक्रमात माजी सरपंचांना साडेअकरा मिळाले आणि गावात शांतता नांदली.

भाऊंना हा नाद लागला तो विहिरीवर. लहानपणी काठावर पोटावर झोपून, मान आत घालून ओरडायचं, मग खालून आपलाच आवाज मोठा होऊन वर यायचा. दगडांचं गोल बांधकाम आणि तळाला पाणी, दोन्ही आवाज पिऊन न टाकता परत फेकणारी. बाकीच्या पोट्ट्यांनी चार वेळा ओरडून गंमत संपवली आणि ते पोहायला गेले. भाऊ काठावरच राहिले. घरात ज्याचं कुणी एका हाकेत ऐकत नव्हतं, त्याला त्या विहिरीनं पहिल्यांदा मान दिला होता. नंतर ते एकदा विजापूरचा गोलघुमट पाहून आले. १६५६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या घुमटाखालच्या सज्जात एक टाळी वाजवली की ती कितीतरी वेळा परत येते. बरोबरची मंडळी आदिलशहाच्या कबरीपाशी जाऊन आली. भाऊ सज्जातून खाली उतरायलाच तयार नव्हते. ‘‘ना लाइट, ना मिक्सर,’’ ते अजून सांगतात, ‘‘अन् बटन पाचच्याही पुढं!’’

त्यांच्यावर हसणाऱ्यांना हे सांगायला हवं की भाऊंच्या वेडाला एक भक्कम पाया आहे. बंद खोलीत माणूस बोलला की त्याचा आवाज भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून हजार वाटांनी कानाशी येतो. हे परतलेले आवाज इतक्या लागोपाठ येतात की कान त्यांना वेगळं काढू शकत नाही, आवाज नुसता भरल्यासारखा वाटतो. यालाच रिव्हर्ब म्हणतात. भिंत सतरा मीटरपेक्षा लांब असली की परतीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहून उशिरा येतो आणि वेगळा ऐकू येतो. तो इको. आता कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या रिकाम्या वावरात मंडप घाला. वर कापड, बाजूला कापड, खाली सतरंजी आणि त्यापुढे उघडं रान. तिथे आवाज जातो तो जातोच.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकानं १८९५ साली याच गोष्टीचा छडा लावायला घेतला. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राहायचा, त्यामुळे पुढचा शब्द मागच्याच्या अंगावर पडायचा. सॅबिननं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडत मांडत घड्याळ लावून घुमणं मोजलं आणि पहाटेच्या आत परत नेऊन ठेवल्या. गाद्या वाढतील तसं घुमणं कमी होत गेलं. कोणती वस्तू किती आवाज गिळते हे सांगायला त्यानं माप धरलं ते उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गाद्यांची चौकशी केली. भाड्याच्या होत्या का? मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे आपलं वावर म्हंजे सारी खिडकीच. अन् वरून मंडपवाला गाद्या टाकून ठेवते. त्या साहेबाले घुमनं कमी करायचं होतं, मले तं वाढवनं हाय. मंडपवाला कापड बांधते, भिंत मी बांधून देतो.’’

याहून नेमकी व्याख्या मी पुस्तकातही वाचलेली नाही. फक्त भिंत बांधायला घेतलेल्या माणसाला कुठे थांबायचं हे कळावं लागतं, आणि भाऊ सरळ गोलघुमट बांधतात.

त्याचे परिणाम गाव वर्षानुवर्षं सोसत आलं आहे. लग्नात शेवटच्या मंगलाष्टकानंतर भटजींनी ‘सावधान’ म्हटलं की भाऊ आनंदाच्या भरात बटण दहावरून तीनवर नेतात. मग मंडपभर ‘धान... धान... धान...’ सुरू होतं. वऱ्हाडी मंडळी आज्ञाधारक, प्रत्येक ‘धान’ला एक मूठ अक्षता टाकतात. नवरदेवाच्या फेट्यात पावशेर तांदूळ साठतात आणि वाजंत्रीवाल्यांना नेमकं कोणत्या ‘धान’वर वाजवायचं हे कळत नाही.

एका शोकसभेत अध्यक्षांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. भाऊंनी भावनेला शोभेल असा इको दिलेला होता. ‘शांतता... तता... तता...’ विरेपर्यंत पहिलं अर्धं मिनिट गेलं. मग खरंच शांतता झाली आणि माइकपाशी उभ्या असलेल्या एका नातेवाइकाला खोकला आला. तो एकदाच खोकला. सभेनं चार वेळा ऐकला. मागच्या रांगेतल्या डॉक्टरांनी सवयीनं त्याच्याकडे बघितलं.

आठवडी बाजारात एका व्यापाऱ्यानं सोयाबीनचा भाव माइकवरून सांगायचं ठरवलं. त्यानं सांगितलं, ‘चार हजार पाचशे’. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भोंग्यातून पोचलं ते ‘पाचशे... पाचशे... पाचशे’. एक म्हातारबुवा बैलगाडी थांबवून तावातावानं आले. ‘‘पयले चार हजार म्हनता अन् उभ्या उभ्या पाचशेवर येता? लाज हाय का नाई?’’ व्यापाऱ्यानं माइक खाली ठेवला आणि पाटीवर खडूनं भाव लिहिला.

रात्री दहाचा नियमही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेवढंच. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची, म्हणजे भाऊंच्या पंख्याच्या घरघरीएवढी. एकदा हळदीचा कार्यक्रम रंगलेला, दहा वाजून गेलेले, आणि शिपाई येऊन उभा राहिला. भाऊ हात जोडून म्हणाले, ‘‘साहेब, म्या तं दहाच्या आंदरच बंद केलं. हे त्याच्या मांगचं येऊन राह्यलं.’’

शिपाई क्षणभर विचारात पडला. भाऊंच्या बाबतीत हे अगदीच अशक्य नव्हतं. रिपीटचं बटण एका मर्यादेपलीकडे नेलं की परतणारा आवाज दर फेरीला लहान होण्याऐवजी मोठा होत जातो, आणि मग त्याला बोलणाऱ्याची गरजच उरत नाही. भाऊंचं एक ‘हॅलो’ असंच एकदा सुटलं होतं. ते वाढत वाढत शिट्टी झालं, शिट्टीची किंकाळी झाली आणि जनरेटर बंद करेपर्यंत गावातली सगळी कुत्री त्याला उत्तरं देत होती.

अशा या भाऊंच्या राज्यात त्यांचा पुतण्या आला. पुण्यात कॉलेजात शिकणारा, पाठीवर गिटार अडकवलेला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि त्यावर शेलूबाजारला उतरायची सोय झाली. तेव्हापासून गावात अशा वस्तू लवकर येऊन पोचतात. पुतण्यानं बहिणीच्या हळदीला गिटार वाजवायचं ठरवलं. त्यानं पिशवीतून साबणाच्या वडीएवढी एक लोखंडी डबी काढून पायाशी ठेवली. वर चार बटणं, खाली पायानं दाबायची एक कळ.

भाऊ खाली वाकले. ‘‘हे काय?’’

‘‘रिव्हर्ब पेडल आहे काका. गिटारच्या आवाजाला थोडी जागा देतं.’’

‘‘जागा?’’ भाऊंनी वावराकडे बघितलं. ‘‘अजून किती पाह्यजे?’’

कार्यक्रम सुरू झाला. पुतण्यानं पेडलवर हलकासा रिव्हर्ब लावला होता. भाऊंना वाटलं, पोरगं लाजतं आहे. घरचं पोरगं म्हणून त्यांनी आपल्याकडून आमदारांचा चार दिला. पेडलचा रिव्हर्ब, त्यावर मिक्सरचा इको, त्यावर समोरच्या गोदामाच्या पत्र्याची खरीखुरी भिंत. पुतण्या एक सूर छेडून थांबला तरी गाणं चालूच होतं. पहिलं कडवं संपायच्या आत दुसऱ्या कडव्यात मिसळलं. नाचणाऱ्यांनी चार वेगवेगळे ठेके धरले आणि ज्याला जो सापडला त्यात तो खुश होता. पुतण्या तेवढा रडकुंडीला आला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर शिकवणी बसली. पुतण्यानं पेडल चटईवर ठेवलं. भाऊंनी लगेच आपल्याकडचा एक जुना अडॅप्टर आणला. पुतण्यानं तो हिसकून घेतला, कारण पेडलच्या पिनेत मधे ऋण आणि बाहेर धन अशी रीत असते आणि घरातले बरेचसे अडॅप्टर याच्या उलटे. चुकीचा लावला तर डबीचा धूर. ‘‘नऊ व्होल्ट हाय ना?’’ भाऊ दुखावले. ‘‘आहे काका, पण उलटा आहे.’’ भाऊंना वाटलं, उलटं फिरणारी गोष्ट या डबीत काय करते आहे?

पुतण्यानं बटणं समजावली, आणि भाऊंचीच भिंत धरून समजावली. डिके म्हणजे घुमणं विरायला लागणारा वेळ. कमी ठेवला तर लहान खोली, वाढवला तर मोठं देऊळ. प्री-डिले म्हणजे मूळ आवाज आणि पहिलं घुमणं यांमधला अवकाश. तो वीस मिलिसेकंद ठेवला तर आवाज तेवढ्यात जाऊन-येऊन सात मीटर चालतो, म्हणजे भिंत साडेतीन मीटरवर आहे असं कानाला वाटतं. टोन म्हणजे त्या भिंतीवर पडदे आहेत की नुसतं सिमेंट. आणि मिक्स म्हणजे मूळचा कोरडा आवाज आणि घुमून आलेला ओला आवाज यांचं प्रमाण.

भाऊंचे डोळे चमकले. ‘‘कोरडवाहू अन् ओलीत!’’

‘‘तेच काका.’’

‘‘मंग कोरडवाहू ठेवायचं कायले?’’

‘‘काका, तुरीला रोज पाणी दिलं तर काय होतं?’’

भाऊ गप्प झाले. तुरीच्या मुळाशी पाणी साचलं की ती उभी जळते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा एक बटण डावीकडे फिरवलं. पुतण्या सांगतो की त्या वेळी त्यांचा हात थरथरत होता.

मग पुतण्यानं या बटणाच्या आधीची कुळकथा सांगितली. शिकागोत बिल पुटनॅम या रेकॉर्डिंगवाल्यानं १९४७ साली एका गाण्याला घुमारा हवा म्हणून स्टुडिओच्या संडास-बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवला. त्यानंतर १९५७ मध्ये जर्मनीतल्या ईएमटी कंपनीनं चौकटीत टांगलेल्या पोलादी पत्र्यावर आवाज घुमवायचं यंत्र काढलं. त्याचं वजन सुमारे पावणेतीनशे किलो. ‘‘छोट्या हत्तीत दोन बसतीन,’’ भाऊंनी तोंडी हिशेब केला. गिटारवाल्यांचं आवडतं यंत्र मात्र स्प्रिंगचं. मुळात ते हॅमंड ऑर्गनसाठी निघालं आणि पुढे १९६० च्या दशकात फेंडर कंपनीच्या अॅम्प्लिफायरांत येऊन बसलं. डबीत ताणलेल्या तारेच्या गुंडाळ्या, एका टोकानं आवाज आत, दुसऱ्या टोकानं घुमून बाहेर. त्याचा दोष एकच, धक्का लागला की आतून ढग गडगडल्याचा आवाज येतो. भाऊंनी रस्त्यावरचे खड्डे आठवले आणि स्प्रिंग नापास केली.

खरी मौज पुढे होती. आजच्या कित्येक लहान कारखान्यांच्या रिव्हर्ब पेडलांत एक काळी वीट असते. त्या विटेत तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीच्या पीटी२३९९ नावाच्या तीन चिपा असतात. ही चिप मुळात कराओकेच्या इकोसाठी निघालेली, आवाज अगदी थोडा वेळ, साधारण सेकंदाच्या तिसऱ्या भागापर्यंत धरून ठेवून परत सोडणारी. पुतण्यानं उत्सुकतेनं भाऊंच्या जुन्या मिक्सरचं झाकण उघडलं. आत धुळीखाली तीच चिप, एक. गिटारवाले जिला कलाकारीची डबी म्हणून जपतात तिचं आणि भाऊंच्या ‘हॅलो’चं कूळ एकच निघालं.

भाऊंनी मिशीवर हात फिरवला. ‘‘मी एकीत भागवून राह्यलो. यायले तीन लागल्या.’’

पुढच्या महिन्यात गावात भागवत सप्ता होता. पुतण्यानं पेडल काकांकडेच ठेवलं होतं आणि जोडणी लिहून दिली होती. मिक्सरच्या ऑक्स नावाच्या वाटेनं आवाज पेडलमध्ये पाठवायचा, पण जेमतेम, नाहीतर गिटारसाठी बनलेली डबी फाटक्या आवाजात ओरडेल. तिथून तो परत मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर घ्यायचा. कोरडा आवाज मिक्सरमधून थेट जातोच आहे, म्हणून पेडलचं मिक्स मात्र पूर्ण उजवीकडे. हे शेवटचं वाक्य भाऊंनी तीनदा वाचलं. पूर्ण उजवीकडे फिरवायची लेखी परवानगी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

डिके लहान, प्री-डिले चाळीस मिलिसेकंद, टोन किंचित मऊ, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ फुसफुसणार नाहीत. बुवा उभे राहिले, बोलू लागले, आणि मंडपात काहीतरी भलतंच घडलं. शब्द कळू लागले. आधी शब्द कोरडा, स्वच्छ कानावर यायचा, मग त्याच्यामागून हलकासा घुमारा. टाळ वेगळे, मृदंग वेगळा. भजनी मंडळातल्या खंजिरीवाल्या आजोबांची तक्रार होती की त्यांच्या एका थापेच्या तीन होतात आणि लय पळते. त्यांनी भाऊंकडे बघून मान डोलावली. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेलं ते हाड, त्या मानेला किंमत होती. बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेतली एक आजी शेजारणीला म्हणाली, ‘‘अव बाई, हे महाराज गोष्टी सांगतेत व्हय? मले वाटे, नुसतं गातेत.’’

इथे हे व्यक्तिचित्र संपवता आलं असतं तर भाऊंचं भलं झालं असतं. पण कीर्तन संपल्यावर कमिटीचे कॅशियर आले.

‘‘भाऊ, आज आवाज काऊन लहान होता? मशीन बिघडली काय?’’

‘‘बिघडली नाई जी. साफ येऊन राह्यला.’’

‘‘साफ येऊन काय करता? पल्याडच्या गावाले वाटलं पाह्यजे ना, आपल्या इथं सप्ता हाय म्हनून!’’

मागोमाग देणगीदार आले. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा एकदाच ऐकू आलं होतं. अकराशे एक रुपये दिले आणि नाव एकदाच? मग बुवांच्या सोबतचा पेटीवाला आला, त्याला आपले चुकलेले सूर ऐकू गेल्याची शंका होती. शेवटी कुणीतरी म्हणालं की दुसऱ्या गावचा साउंडवाला पाचशे रुपये कमी घेतो आणि इको दुप्पट देतो.

भाऊंनी काही उत्तर दिलं नाही. त्यांनी पेडलची वायर काढली, ती डबी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मिक्सरचं बटण सातवरून उचलून दोनवर नेलं. दुसऱ्या दिवशी कमिटी खुश होती. शेवटच्या रांगेतली आजी पुन्हा प्रसादापुरती येऊ लागली.

तेव्हापासून भाऊंवर हसताना माझं हसू जरा आखडतं. बोटं त्यांची असतील, पण बटण फिरवतो आपण. आपला आवाज आहे त्याच्यापेक्षा मोठा व्हावा, आपलं नाव एकदा घेतलं तरी चारदा ऐकू यावं, आपल्या दारचं कार्य शेजारच्या शिवारापर्यंत पोचावं ही हौस आपली, आणि तिचं बिल भाऊ आपल्याकडूनच घेतात. कुणी एकानंही आजवर त्यांना ‘भाऊ, शब्द कळू द्या’ असं सांगितल्याचं ऐकिवात नाही. भाऊंना कमी करता येत नाही हे गावाचं म्हणणं खोटं आहे. त्यांना येतं. त्याचे पैसे कुणी देत नाही.

तर तुमच्या घरी यंदा कार्य असेल आणि मंडपात एखादे भाऊ मांडीवर मिक्सर घेऊन बसलेले दिसले, तर त्यांच्यासाठी चहा घेऊन जा आणि एवढं सांगा: गाण्याला घुमारा असू द्या, बोलण्याला आणि मंगलाष्टकांना नको, आणि रिपीट सातवरच राहू द्या. ते ऐकतील. फक्त मग तुमचं स्वतःचं भाषण कोरडं ऐकू आलं म्हणून रागावून मिक्सरपाशी जाऊ नका. आणि हो, भाऊंची पाण्याची बाटली तेवढी उघडून द्या.